दोन बोटं जास्त

आमच्या दफनभूमीत त्रेचाळीस दगड आहेत आणि सगळे एकाच मापाचे आहेत, असं मी मुलांना वीस वर्षं सांगत आलो. गिरणीचा मालक आणि त्याच्या घरी भांडी घासणारी बाई शेजारी शेजारी आहेत. दोघांच्याही दगडावर नाव आणि दोन तारखा, बस्स. आम्हा क्वेकरांची, म्हणजे साधेपणा मानणाऱ्या आमच्या ख्रिस्ती पंथाची, रीतच ती. गवत कापणं, कोण कुठे आहे त्याचा नकाशा सांभाळणं, पाथरवटाला नवा दगड सांगणं हे सभेने माझ्याकडे सोपवलेलं. रविवारी मोठी माणसं सभाघरात मौन प्रार्थनेला बसली की मुलंही माझ्याकडे.

त्या मे महिन्यात मी मुलांना दोरे वाटले. एका दगडाच्या उंचीएवढा दोरा कापायचा आणि बाकीच्या दगडांना लावून बघायचा. सगळी माणसं सारखी असतात हे नुसतं ऐकण्यापेक्षा हाताला कळलेलं बरं, असं मला वाटे.

"जोसाया, इथे दोरा पुरत नाहीये," हेस्टर ओरडली. आमच्यात लहानथोर सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात.

आठ वर्षांची हेस्टर माझ्या बायकोच्या, लिडियाच्या दगडापाशी उकिडवी बसली होती.

"थंडीत जमीन गोठून फुगते," मी म्हणालो. "मग दगड वर उचलला जातो."

तिने मान डोलावली. मग शेजारच्या दगडाला दोरा आडवा लावला, गाठ मारली आणि परत आली. "रुंदीलाही पुरत नाही. थंडीने दगडही फुगतो का?"

"लिडिया केक फार खायची ना!" एक मुलगा म्हणाला. सगळी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

म्युरिअल हसली नाही. मुलांवर लक्ष ठेवायला त्या दिवशी ती माझ्या मदतीला होती. तीन वर्षांपूर्वी तिचा कॉलिन गेला, नऊ वर्षांचा. दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याचं नाव तो वहीत लिहून ठेवायचा. त्याच्या दगडाच्या कोपऱ्यात एक चिमुकला पक्षी कोरता येईल का, असं विचारायला ती माझ्या स्वयंपाकघरात आली होती. मी नियमांचं पुस्तक काढून तिला वाचून दाखवलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी लिडिया गेली. माझं घर दफनभूमीला लागूनच आहे, पण उन्हाळ्यात गवत वाढलं की खिडकीतून एकही दगड दिसत नाही. तिचा दिसावा, एवढंच मनात होतं. पाथरवटाला माप लिहून देताना मी दोन बोटं वाढवली. "माप बदललं की काय?" त्याने विचारलं. मी "हो" म्हणालो. आम्ही कोर्टातसुद्धा शपथ घेत नाही, कारण आमच्या नुसत्या हो-नाहीवर लोकांनी विश्वास ठेवावा अशी आमची अपेक्षा असते.

पुढच्या रविवारी मुलांना म्युरिअलच्या बहिणीकडे सोपवून मी मौनात जाऊन बसलो. अर्ध्या तासाने उभा राहिलो आणि दगडाचं सगळं सांगितलं. आमच्याकडे अशा वेळी कुणी बोलत नाही, पण त्या दिवशी मला कुणीतरी रागावायला हवं होतं.

बाहेर म्युरिअल सायकलचं कुलूप काढत होती.

"दगड कापून घेतोय," मी म्हणालो. "आणि कॉलिनच्या पक्ष्याचं मी स्वतः सभेपुढे मांडतो. नियम बदलता येतो."

"आता नको."

"म्युरिअल, ऐक तरी."

"त्याचा दगड बाकीच्यांसारखाच आहे, ह्याची सवय व्हायला मला तीन वर्षं लागली, जोसाया. पुन्हा पहिल्यापासून नको." सायकलवर बसता बसता ती म्हणाली, "तू वाचून दाखवलंस तेव्हा लिडिया माझा हात धरून बसली होती. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. मी पुस्तकात बघत होतो.

जूनमध्ये पाथरवटाने दगड कापून पुन्हा बसवला. खिडकीतून आता नुसतं गवत दिसतं. त्या रविवारी मुलं आली. हेस्टर खिशातून गाठ मारलेला तोच दोरा काढून थेट लिडियाकडे गेली.

"बसला!" ती म्हणाली. "उन्हाळ्यात जमीन खाली बसली, हो ना?"

मान हलवली असती तर तिथेच संपलं असतं. बाकीची मुलं गोळा झाली होती.

"नाही," मी म्हणालो. "दगड मोठाच होता. मीच मोठा करून घेतला होता. थंडीचं मी खोटं सांगितलं."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तिने दोरा बोटाभोवती गुंडाळला. मग शेजारच्या दगडापाशी गेली आणि तो मोजू लागली. त्यानंतरचाही मोजला. त्रेचाळीस दगड आहेत. मी गवतात उभा राहिलो आणि ती शेवटच्या दगडापर्यंत जाईपर्यंत थांबलो.