गोळीच्या आतल्या पेशी

१९९४ च्या मार्गशीर्षात अभिमन मुंबईहून धुळ्याला आला, तो थर्मास घेऊनच. त्याची फुई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण प्रमिलाबाई, तिथे दवाखान्यात होती. अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला होता, पोटात पाणी साचत होतं. आई गेल्यावर अभिमनला नरडाण्यात तिनेच वाढवलं होतं. आता तो मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या औषधांवर संशोधन करत होता.

डॉक्टरांनी सुई लावून पाणी काढलं. त्यातलं थोडं त्याने मुंबईला न्यायला थर्मासमध्ये मागून घेतलं.

"मना पोटना पानीनं तू काय करशी रे?" फुईने विचारलं.

"त्यामा तुना आजारन्या पेशी शेतस. त्यासवर दवाई टाकी देखसू."

मुंबईच्या प्रयोगशाळेत, सपाट बशीत त्या पेशी एका थरात पसरल्या. फुईला चालू असलेलं औषध घातलं, तर तीन दिवसांत जवळजवळ सगळ्या मेल्या. अभिमनला आनंदाने रडूच आलं. दुसऱ्या बशीच्या तळाला मात्र अगारचा, शेवाळापासून केलेल्या गुळगुळीत जेलीचा, थर होता. तिथे चिकटायला जागा न मिळाल्याने पेशी एकमेकींना बिलगल्या आणि खसखशीहून बारीक गोळ्या झाल्या. फुईच्या पोटातल्या पाण्यातही त्या अशाच तरंगत होत्या. या गोळ्यांना तेच औषध दिलं, तेव्हा फक्त वरची साल मेली. आतल्या पेशी जिवंत राहिल्या. त्याने दोनदा करून पाहिलं. मग कपाटातली आणखी चार औषधं घातली. एक जरा आत शिरलं, पण माणसाला सोसणार नाही इतकं घातल्यावर.

त्याने एसटीडीवरून धुळ्याला डॉक्टरांना फोन लावला.

"तुमचं पटतंय मला," डॉक्टर म्हणाले, "पण बशीतल्या गोळ्या बघून चालू औषध कसं थांबवू? दुसरं सांगा, उद्या सुरू करतो."

कपाटातल्या चार औषधांपैकी एकाचंही नाव सांगण्याजोगं नव्हतं.

होळीला तो नरडाण्याला गेला. फुईचं पोट उतरलं होतं. ती चुलीपाशी बसून भाकर खात होती.

"आते बरं वाटस माले. तुनी दवाई लागू पडनी!"

तो उठून बाहेर ओट्यावर गेला. फुईचे यजमान छगननाना त्याच्यामागून आले. त्यांना त्याने सगळं सांगितलं: वरचं मरतं, आतलं राहतं, ते पुन्हा वाढणार.

नानांनी रागाने नव्हे, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मंग इतलं शिकीसन काय उपेग, भाऊ?"

वैशाखात पोट पुन्हा भरलं. डॉक्टरांनी औषध वाढवलं, तिचे केस गेले, पाणी काही थांबलं नाही. अभिमन रजा काढून आला. शेवटचे अकरा दिवस तो तिच्या खाटेशी बसून होता. तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन तो तेल चोळायचा. तेवढंच त्याच्या हातात होतं.