चंद्रकलाबाईंचा हौद

हौदाला अजून भिंतीही नव्हत्या, तेव्हाच मासे येऊन थांबले होते. मंगळवारी सकाळी मी पुढच्या खोलीचं दार उघडलं, तर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, हवेत, अकरा मासे एका रांगेत होते. त्यांचे कल्ले हलत होते. वारा लागू नये म्हणून मी पंखा बंद केला.

त्या खोलीत माझ्या बायकोची बालवाडी असायची. सव्वीस वर्षं चंद्रकलाने गल्लीतली पोरं तिथे शिकवली. मग पिवळ्या बस यायला लागल्या, पोरं बसमधून दुसरीकडे जायला लागली, आणि एका जूनमध्ये कुणीच आलं नाही. त्यानंतर ती कामापुरतं बोलायची. पुढे कामापुरतंही नाही. दोन वर्षं आमच्या घरात फक्त माझाच आवाज होता आणि मला त्याचा कंटाळा आला होता.

त्या सकाळी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. रांगेकडे बघत म्हणाली, "अकराच? पट तर एकोणीसचा आहे."

बोललो असतो तर ती थांबली असती.

"अहो, यांना असं कोरड्यात किती दिवस बसवणार? हौद बांधून घ्या."

मी नगरपालिकेचा व्हॉल्वमन. कुठल्या गल्लीला केव्हा पाणी सोडायचं, ते माझ्याकडे. पण घरात पाणी साठवायला आमच्याकडे दोन पिंप आणि एक हंडा एवढंच होतं. मी दुपारी रुद्राप्पा गवंड्याला बोलावलं. तो याच खोलीत अ आ इ शिकलेला. त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, माशांकडे पाहिलं आणि खिशातला टेप काढला.

"बाई, केवढा करायचा?"

"मागच्या रांगेलाही हलायला जागा पाहिजे," चंद्रकला म्हणाली.

बारा फूट लांब, दहा फूट रुंद, पाच फूट उंच असं ठरलं. रुद्राप्पाने तळाला सळयांची जाळी बांधली, फळ्या ठोकल्या, काँक्रीट ओतलं. माशांच्या जवळ फळी आली की ते थोडे मागे सरायचे आणि काम झालं की परत रांगेत यायचे. दाराकडच्या भिंतीत त्याने काचेसाठी हातभर चौकोन सोडला. तो माझ्यासाठी होता. मला बाहेरून दिसावं, असं चंद्रकलाचं म्हणणं होतं.

चार दिवसांनी फळ्या काढल्या. रुद्राप्पाने पुन्हा टेप लावला आणि बराच वेळ वाकून राहिला.

"मामा, बारा फूट केला होता. चौदा भरतोय."

"टेप बघ नीट."

"टेप तोच आहे."

भिंतीला कुठे भेग नव्हती. काँक्रीट वाढलं होतं. आत मासे मोजले तर एकोणीस. चंद्रकला मध्ये उभी राहून हजेरी घेत होती. ज्याचं नाव येई तो मासा तेवढा वीतभर वर उडायचा आणि परत जागेवर यायचा. मी काचेतून ते सगळं पाहिलं. तिचा आवाज मोठा होता, पूर्वी असायचा तसा. रस्त्यावरून जाणारा दूधवालाही थांबून ऐकत होता.

पुढच्या शनिवारपर्यंत हौद मधल्या खोलीत आला. दोन खोल्यांमधली भिंत पडली नाही. ती पातळ झाली आणि मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. कपाटही चपटं झालं. त्याचं दार उघडायचं, कपडे निघायचे, फक्त सगळे इस्त्री केलेले असायचे. रुद्राप्पा रोज सकाळी येऊन वाढलेल्या भागाला घोटाई करून जायचा. काम थांबवायचं का, असं त्याने एकदाच विचारलं.

"नको," मी म्हणालो. "ती काल मला तिच्या मामाच्या गावच्या ओढ्याबद्दल सांगत होती."

रुद्राप्पाने मान हलवली आणि थापी उचलली.

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघर ओट्यासकट आत गेलं. रुद्राप्पाने लाकडी शिडी लावली. चंद्रकला शिडीने उतरून चहा करायची आणि भिंतीवरून कप माझ्या हातात द्यायची. मासे आता चाळीस होते. माझ्यासाठी हौदाच्या चारी बाजूंनी दीड फुटाचा बोळ उरला होता. खाट मी उभी केली होती आणि उभ्यानेच झोपत होतो. सवय झाली. कामावर जाताना आडवं सरकत दारापर्यंत जायचं, एवढंच.

"मामा, नव्या सिमेंटचं पाणी बाधतं," रुद्राप्पा म्हणाला. "तीनदा भरून सोडून द्यायचं. चौथं पाणी खरं."

मी तीनदा हौद भरला आणि तीनदा रिकामा केला. मासे तेवढ्यापुरते भिंतीच्या वरच्या कडेला येऊन थांबायचे, चंद्रकला शिडीच्या वरच्या पायरीवर. सोडलेलं पाणी गल्लीतल्या झाडांना गेलं. लिंबाला अवेळी मोहर आला.

चौथ्या दिवशी मी वरून वाकून म्हणालो, "आता तू वर ये. पाणी सोडतो."

"बाराखडी आत्ता कुठे सुरू झालीय."

"पाण्यात श्वास कसा घेशील?"

"पोरं घेतात तसा."

"आणि मी?"

ती गप्प बसली. ते गप्प बसणं मला ओळखीचं होतं. मग ती पीठ मळता मळता म्हणाली, "तुमचं ताट आतच वाढणार ना मी. बाहेर कुठे जागा आहे?" आणि हसली. मी तिला हसताना किती दिवसांनी पाहिलं, ते आठवेना.

मी नळाकडे वळलो तेव्हा तिने हाक मारली. "अहो, आधी गल्लीला सोडा. आपलं मागून."

मी चावी घेऊन बाहेर गेलो. चौकातला व्हॉल्व उघडला. शेवटच्या घराची घागर भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो. कुणी चहा विचारला, मी नको म्हणालो. परत आलो तर दार अर्धंच उघडलं, मागे हौद होता. पोट आत ओढून मी काचेपर्यंत सरकलो आणि हात लांबवून आमचा नळ सोडला.

पाणी शांतपणे चढलं. मासे एकेक करून त्यात उतरले आणि मोकळे झाले. रांग मोडली, पण चंद्रकला ओरडली नाही. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं, मग कमरेला, मग ती खाली बसली आणि पूर्ण आत गेली. तिचे केस सुटून वर तरंगले. ओठ हलत होते. माझ्या पाठीला घराची भिंत टेकली होती, छातीला हौदाची, आणि छातीतून मला ऐकू येत होतं, का, कि, की, कु.

रुद्राप्पा वर भिंतीवर बसला होता. त्याच्या बाजूला झाकणाच्या फरश्या रचलेल्या होत्या.

"मामा, मासे उड्या मारायला लागलेत. झाकण टाकतो. शिडी आत ठेवू की काढून घेऊ?"

मी वर बघायचा प्रयत्न केला. मान वळत नव्हती.

"मामा, सांगा ना."

काचेच्या पलीकडे चंद्रकलाने शिकवणं थांबवलं. तिने तळाशी दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली. भात जागच्या जागी राहिला, फक्त लिंबाची फोड हळूहळू वर निघून गेली. मासे भिंतीला टेकून गप्प बसले. ती एका पाटावर बसली, दुसरा हाताने थोडा पुढे सरकवला, आणि माझ्याकडे बघत ताटाला हात न लावता माझ्यासाठी जेवायची थांबली.