आधी स्वतःच्या तोंडात

"तुम्ही स्वतः घातलीय का कधी?" मुलीनं विचारलं.

दवाखान्याच्या खुर्चीत ती हाताची घडी घालून बसली होती. वय अकरा, वेणी घट्ट, चेहरा त्याहून घट्ट. एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई, आणि दाराशी पिशवी पोटाशी धरून उभे असलेले प्लेटवाले काका. प्रश्न त्यांनाच होता.

काका सव्वीस वर्षं मुलांच्या जबड्यांसाठी प्लेटा बनवत होते. खालचा जबडा मागे राहिला की वर एक, खाली एक अशा दोन प्लेटा. तोंड मिटलं की वरचीचा उतार खालचीला पुढे सरकवतो, आणि वाढत्या वयात जबडा हळूहळू पुढे राहायला शिकतो. तारेचा आकडा वळवण्यात काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मुलं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या टेबलावर यायचे ते प्लास्टरचे दात, बुडाला नंबर लिहिलेले. या मुलीची प्लेट मात्र 'टोचते' म्हणून तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा बाईंनी कारागिरालाच बोलावून घेतलं होतं.

"नाही घातली," काका म्हणाले.

"मग तुम्हाला काय कळणार?"

"अगं, असं बोलतात का मोठ्यांशी?" आई कळवळली.

"बोलू द्या. बरोबर बोलतेय ती," काका म्हणाले. "कुठे टोचते गं?"

मुलीनं मान खाली घातली. "टोचत नाही कुठेच. 'स' म्हटलं की थुंकी उडते. वर्गात सगळे माझी नक्कल करतात. म्हणून मी ती दप्तरातच ठेवते."

आईनं कपाळाला हात लावला.

बाईंनी काकांना बाहेर नेलं. "हिची वाढ आता वर्ष-दीड वर्षात उरकेल, काका. मग प्लेटचा उपयोग नाही. मोठेपणी ऑपरेशन, नाहीतर आहे तसंच राहायचं."

काकांनी जरा विचार केला. "मॅडम, माझंही माप घ्या."

"तुमचं? तुमचा जबडा आता काय वाढणार?"

"वाढायला नको. आधीच फार चालतो, असं घरचे म्हणतात."

तीन दिवसांनी काकांनी आपली प्लेट चढवली. नेहमी बनवत तशीच, हातचं काही न राखता. सकाळी बायकोनं विचारलं, "अहो, दूध आणलंत का?"

"थकाळीच आणलं."

ती हसत हसत खाली बसली. "जावे त्यांच्या वंशा!" म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा पाहून तिचं हसू हळूहळू ओसरलं.

दुकानात त्यांनी साबण मागितला. दुकानदारानं दोनदा "काय?" विचारलं. मागे उभं असलेलं कोणीतरी खुदकन हसलं. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं शेवटी बोट दाखवून साबण घेतला. रस्त्यात त्यांचे कान तापले होते. एका दिवसात ही गत, तर त्या पोरीनं वर्गात काय सोसलं असेल!

चौथ्या दिवशी त्यांना मेख सापडली. 'स' म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे जाते, आणि तिथेच प्लेट जाड होती. डॉक्टर कधीच तेवढी जाड मागत नसत. फुटून परत यायला नको म्हणून काकाच ती जाड ठेवत. सव्वीस वर्षांत आपली एकही प्लेट फुटली नाही, हे ते चारचौघांत ऐटीत सांगत. ती ऐट या पोरीच्या जिभेवर बसली होती.

त्यांनी ती जागा घासली. घातली, काढली, पुन्हा घासली. रिकाम्या लॅबमध्ये "सात, साठ, सत्तर" म्हणत बसले. सत्तर बऱ्यापैकी जमला, तेव्हा त्यांनी मुलीची प्लेट हातात घेतली.

दवाखान्यात ते आपली प्लेट घालूनच गेले. "थांग," ते म्हणाले, आणि ओशाळून पुन्हा म्हणाले, "सांग. कशी आहेस?"

मुलगी बघतच राहिली. "तुम्ही घातलीय?"

"आठ दिवस झाले. माझी फजिती ऐकायचीय?"

साबणाची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की तोंडावर हात ठेवायचं विसरली. मग तिनं घासून पातळ केलेली प्लेट घातली. "सत्तर," म्हणाली. पुन्हा म्हणाली. आईकडे वळून तिसऱ्यांदा म्हणाली.

"रोज पन्नास वेळा," काका म्हणाले. "महिनाभर मीही म्हणेन."

चार महिन्यांनी ती प्लेट फुटून आली. खेळताना तोंडात असतानाच फुटली, असं बाईंनी सांगितलं. काका दिवसभर शीळ घालत होते. त्याच दुपारी त्यांनी दुसरी करून दिली, आणि तेव्हापासून सगळ्याच मुलांच्या प्लेटा वरच्या दातांमागे पातळ होऊ लागल्या.

दोनेक वर्षांनी बसथांब्यावर त्यांना ती दिसली. उंच झाली होती. दोन मैत्रिणींना हातवारे करत कसलीशी भांडणाची हकिगत सांगत होती. काकांनी सवयीनं आधी बाजूनं हनुवटी पाहिली. जबडा जिथे हवा तिथे होता.

"काका, जरा सरकता का?" दप्तर टेकवायला जागा शोधत ती म्हणाली. गोष्टीत इतकी गुंग होती की तिनं वर पाहिलंही नाही.

काका सरकले. त्यांची बस आली, थांबली. ते चढले नाहीत. भांडणात पुढे काय झालं, ते त्यांना ऐकायचं होतं.