शिट्टी वाजली की दोर

ओफेलिया पडली त्या मंगळवारी तिचा नवरा रुतिलियो पलीकडच्या गल्लीत एका नव्या घराच्या छपरावर डांबरी पट्ट्या ठोकत होता. ती ज्या छपरावर कामाला होती, तिकडची ठोकाठोक एकदम थांबली. जेवायला अजून अवकाश होता. मग निकान्द्रो धावत आला आणि शिडीखाली उभा राहून नुसता वर बघत राहिला. रुतिलियोला तेव्हाच कळलं.

निकान्द्रो त्यांचा मुकादम, आणि रुतिलियोच्या मुलीचा, यारेत्सीचा, बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मबाप. त्या नात्यानं दोघं एकमेकांना 'कोम्पाद्रे' म्हणत.

ह्यूस्टनबाहेरच्या त्या वसाहतीत सुरक्षेचे कंबरपट्टे सगळेच घालत, पण पट्ट्याला छपराशी बांधणारा दोर कोणी अडकवत नसे. पायात येतो, काम रेंगाळतं. सुरक्षाखात्याच्या तपासनिसाची गाडी दिसली की निकान्द्रो शिट्टी मारी, मग सगळे पटापट दोर अडकवत. "बांधून ठेवायला आपण काय बकऱ्या आहोत?" असं ओफेलियाच म्हणायची.

त्या दिवशी पांढरी गाडी आली, शिट्टी वाजली, ओफेलिया दोराकडे धावली आणि एका सुट्या पट्टीवरून घसरली. गाडी पाणीखात्याची निघाली.

दफन झाल्यावर निकान्द्रो रुतिलियोच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"कोम्पाद्रे, उद्या सुरक्षाखात्याची बाई येईल. एवढंच सांग, दोर होता, तिनं बांधला नाही. खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं. तुझा मेव्हणासुद्धा माझ्याच हाताखाली आहे."

"आणि धावली का, असं विचारलं तर?"

"बाईमाणूस. घाबरली म्हण."

"ओफेलिया? तुला तोंडावर गाढव म्हणायची ती."

निकान्द्रोला हसू आलं, आणि मग त्यानं तोंडावर हात धरला.

तो गेल्यावर यारेत्सीनं ताटं उचलली. "बाबा, धर्मबाबा म्हणाले, आई कुणाचं ऐकायचीच नाही. ऐकलं असतं तर वाचली असती."

रुतिलियोनं नळ सोडला आणि ताटं विसळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या बाईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दोर बांधला नव्हता. कोणीच बांधत नाही. शिट्टी वाजली म्हणून ती बांधायला धावली."

"शिट्टी कोणी मारली?"

त्यानं नाव सांगितलं.

निकान्द्रोचं मुकादमपण गेलं. मेव्हणा दुसरीकडे कामाला लागला. रुतिलियोशी तो बोलतो, पण तुटक. यारेत्सी विचारते, धर्मबाबा घरी का येत नाहीत. आई ऐकत नव्हती म्हणून पडली, असंच ती अजून समजते. तिला खरं सांगायचं राहिलं आहे.