दोनच्या खालचा सात

आसावरीनं पिवळं पडलेलं लेबल टेबललॅम्पसमोर धरलं. त्यावर 'थर २' लिहिलं होतं. पण दोनच्या खाली कागद ब्लेडनं खरवडल्यासारखा पातळ झाला होता आणि उजेडात तिथं सात दिसत होता.

पिशवीतली खापरं जाड, काळपट, हातानं घडवलेली होती. वरच्या थरातली रोमन भांडी चाकावरची, गुळगुळीत असत.

पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. केलेली आसावरी २००६ साली अमेरिकेत, ईडन प्रेरी या गावात राहत होती. नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून मिनियापोलिसच्या एका संग्रहालयाच्या तळघरात ती पगाराशिवाय खापरं धुवायची, क्रमांक घालायची. प्रोफेसर हॉलिस यांनी तीस वर्षांपूर्वी डॅन्यूबकाठी एका रोमन वसाहतीचे अवशेष खणले होते, त्यातली ही खापरं. सैनिकांनी ओसाड जागी ती वसाहत उभी केली, हा त्यांचा सिद्धांत. त्यावरच त्यांचं नाव झालेलं. सातवा थर मात्र रोमन फरशीच्या खालचा. ही खापरं तिथली असतील, तर आधीपासून तिथं गाव होतं.

आणि ही पिशवी ज्या फळीवर होती, तिला सगळ्यात शेवटी हात लावा, असं हॉलिसनीच तिला बजावलं होतं.

"तू कशाला त्यात पडतेस, यार?" जेवताना तिचा नवरा सुशांत म्हणाला. "ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे. उगाच कंप्लेंट झाली तर?"

"मी फक्त विचारणार आहे."

"त्या माणसाला तो आरोपच वाटणार."

चार दिवस ती गप्प राहिली. हॉलिस खाली आले की नजर त्या फळीकडे टाकत आणि लगेच वळवत. "कुठपर्यंत आलात?" असं विचारत. ती वहीवर हात ठेवून मोघम उत्तर द्यायची. एका सकाळी फळीसमोर खुर्ची ओढलेली दिसली. तळघराची किल्ली तिच्याकडे आणि हॉलिसकडेच होती. तिनं ती पिशवी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केली.

शुक्रवारी ते आले, तेव्हा तिनं लेबल दिव्याखाली ठेवलं.

"सर, हा आकडा कुणी बदलला?"

हॉलिस वाकले. त्यांनी लेबल उचलून उजेडासमोर धरलं. मग खुर्चीत बसले.

"हे मार्थाचं अक्षर आहे. माझ्या बायकोचं," ते म्हणाले. "शेवटचे दोन आठवडे मी तापानं तंबूत पडून होतो. नोंदी तिनं ठेवल्या. माझा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. सातव्या थरात खापरं निघाली म्हटलं असतं, तर तो कोसळला असता."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही. ही फळी शेवटी ठेवा म्हणालो, कारण इथलं सगळं तिच्या हातचं आहे. ती गेल्यापासून मी इथं येऊन नुसता बसतो."

चार दिवस मनात घोळवलेलं बोलणं सोडून आसावरीनं वही उघडली. "वहीत काय लिहू, सर?" तिनं हळूच विचारलं.

"थर सात. सात खरवडून त्याचा दोन केलाय, तेही लिहा." मग चष्मा पुसत ते म्हणाले, "सगळ्याच पिशव्या पाहाव्या लागतील."

त्यांनी बाह्या वर सारल्या. दोघांनी मिळून पहिलं खोकं खाली उतरवलं. हॉलिसनी एक लेबल काढलं, दिव्याजवळ नेलं, पण उजेडासमोर धरायच्या आधी त्या बारीक, तिरक्या अक्षरांवरून अंगठा फिरवत ते नुसतेच बसून राहिले. आसावरीनं ब्रश उचलला आणि त्यांच्याकडे पाठ करून नळ सुरू केला.