दहावा माणूस

बाबांना साथीच्या फ्लूची लस द्यायला दवाखान्यात आणता आणता माझ्या नाकी नऊ आले होते. महिनाभर आज पोट बरं नाही, उद्या थंडी फार आहे, परवा "मला काय धाड भरलीय?" बहिणीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, फुप्फुसं नाजूक. लस न घेतलेल्याला तिच्या घरात पाऊल ठेवायची बंदी. पहिलाच नातू, म्हणून आज एकदाचे निघाले, तेही बाह्या वर सरकणार नाहीत असा घट्ट स्वेटर घालून.

दवाखान्यात वेगळंच घोडं अडलं. नर्सबाई म्हणाल्या, "एका कुपीत दहा डोस असतात. उघडली की लगेच संपवावी लागते. तुम्ही नऊच जण आहात. दहावा आला की सुरू करू."

दहावा काही येईना. मी ऑफिसातच घेतली होती, नाहीतर पुन्हा टोचून घेतली असती. बाकावरची माणसं घड्याळं बघायला लागली, तेवढं निमित्त बाबांना पुरलं.

"चल, उद्या येऊ," ते उठले.

त्यांचा उद्या मला चांगलाच माहीत होता. मी सरळ आत घुसले. "डॉक्टर, तुम्ही लस घेतलीत?"

डॉक्टर टेबलावरचं पेन उगाच इकडचं तिकडे ठेवत म्हणाले, "पेशंटमधून वेळच मिळत नाही हो. घेईन की."

"मग तुम्हीच दहावे."

"मी रोज यांच्या मागे लागते," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी कुपी उघडलीसुद्धा. डॉक्टर डोळे गच्च मिटून बसले. बाबा दारातून बघत होते. स्वेटर त्यांनी आपणहून काढला.

टोचून झाल्यावर बाबांनी खिशातून एक इवलंसं टोपडं काढलं. "इथूनच जाऊ बाळाकडे."

"दोन आठवडे थांबा," डॉक्टर दंड चोळत म्हणाले. "लस लागू पडायला तेवढा वेळ लागतो."

बाबा माझ्याकडे वळले. "हे आधी नाही का सांगायचं?"

"रोज सांगत होते, बाबा. रोज."

महिनाभराचं साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं. पण ते टोपड्याची घडी घालत होते, आणि घडी काही बसत नव्हती.

"खिडकीतून तरी दाखवेल ना ती?"

"दाखवेल," मी म्हणाले. "आधी स्वेटर घाला."