आईची चाल

चंद्रकला चहाचा ट्रे ठेवून आईकडं चालत गेली आणि सिल्लोडहून मुलासाठी मुलगी पाहायला आलेले आप्पासाहेब खूश होऊन हसले. डावा पाय जरा तिरका टाकायचा, मधेच कमरेवर हात ठेवायचा. सगळं अगदी तिच्या आईसारखंच, भागूबाईसारखं.

"चालसुद्धा आईचीच! रगत कुठं लपत नाय बघा. पोरगी पसंत हाय आम्हाला."

भागूबाईचे दीर कडूबा यांनी हे स्थळ आणलं होतं. त्यांनी भावजयीला डोळ्यांनीच दटावलं, गप राहा. येतानाच बजावलं होतं, "वहिनी, आश्रमाचा विषय नको. एकदा लगीन लागू द्या."

भागूबाईनं तान्ही चंद्रकला अनाथाश्रमातून दत्तक आणली, तेव्हा याच दिराचा लई जळफळाट झाला होता. गंगापूरच्या घरात पोरीच्या हातून ताट पडलं तरी दोष रगताचा, ती उलट बोलली तरी रगताचा. शेवटी नवरा-बायको तिला घेऊन औरंगाबादला आले. नवरा गेल्यावर भागूबाईनं खानावळीत पोळ्या लाटल्या, पोरीला नर्स केलं. आणि आज तिच्यातलं चांगलं तेवढं रगताच्या नावावर!

भागूबाई उठून उभी राहिली.

"आप्पासाहेब, विहिरीच्या पायऱ्यांवर पडून माझा पाय मोडला, म्हणून मी अशी चालते. मोडका पाय काय रगतातून जातो व्हय? ही माझ्या पोटची नाय, आश्रमातली हाय. माझ्याकडं बघत बघत चालायला शिकली."

कडूबांनी कपाळाला हात लावला. आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला.

"आधी सांगायचं व्हतं. आमच्या खानदानात असलं चालत नाय. कुणाचं रगत, काय ठावं?"

"काका," चंद्रकला म्हणाली, "दवाखान्यात मी रोज रगताच्या बाटल्या लावते. गट जुळला की कुणाचंही कुणाला चढतं. त्यानं माणसाचा स्वभाव बदललेला मी अजून बघितला नाय. तुम्ही नाय म्हणायच्या आधी मीच नाय म्हणते."

पाहुण्यांची जीप धुरळा उडवत गेली. कडूबा दारातूनच ओरडले, "बसवा आता जन्मभर घरात!"

"बसंल की. घर तिचंच हाय," भागूबाई म्हणाली.

पुढं आलेल्या प्रत्येक स्थळाला तिनं चहाच्या आधीच सगळं सांगितलं. बरीच उठून गेली. सोयगावची माणसं मात्र बसून राहिली.